आजीचं नाक आणि पाकिटातली शेव

कामठा,
ता. २२ मार्च २०११

चि. लोकेंद्रला आजीचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. तुझ्या बापाचे गुडघे दुखून राहिले, तुझी आई दुर्गेश्वरीच्या लग्नाच्या कामांनी फिरकी झाली, आणि नवरी दिवसभर मोबाईलला चिकटून आहे. फोन सोडून पत्र काऊन, असं विचारशील. घरचा फोन बैठकीत, आणि तुझ्या आईचा कान स्वयंपाकघरातून बैठकीपर्यंत पोचतो. म्हणून अंगणवाडीच्या सुशिलाबाईला धरून बसवलं. मी सांगते, ती लिहिते. माझी बोली सुधारून लिहिते, तेवढं सहन कर.

शेवेची गोष्ट तुला फोनवर अर्धीच सांगितली. होळीची साफसफाई करताना धानाच्या कोठीमागे तू दिवाळीत आणलेलं शेवेचं पाकीट सापडलं, तोंड उघडं. नाक लावलं, तर वास काहीच नाही. दिवाळीपासून उघडं पडलेलं तळण आणि खवट नाही? वाटलं, नाकच मेलं. हिंग हुंगला, कंदिलातलं मातीचं तेल हुंगलं, तुझ्या बापाचं बनियन हुंगलं. सगळ्यांनी हजेरी दिली.

मग सुशिलाबाईने शेव हुंगली, खवट नाही म्हणाली, आणि पाकीट वाचलं. अँटिऑक्सिडंट, तीनशे एकोणीस. तुला विचारलं तर तू हसलास. "आजी, कारखान्यात ती पावडर तेलात मीच टाकतो." हवेने तेल खवटतं, ते ही पावडर लांबवते, सरकारने माप ठरवलं आहे, त्याच्या आत चालते, माप ओलांडलं तर बरं नाही, खवट तेल खाणंही काही चांगलं नाही. सगळं मास्तरासारखं समजावलंस. मी ऐकतच राहिले. माझा नातू तेलाला म्हातारं होऊ देत नाही, आणि आजीसाठी चिमूटभर आणत नाही. पण नाक शाबूत म्हणून त्या दिवशी भात जास्तच खाल्ला.

इथपर्यंत तुला ठाऊक आहे. पुढचं कोणालाच नाही.

परवा मी चटणीवर जवसाचं तेल वाढलं. घाण्यावरचं, त्यात तुझी पावडर-बिवडर नाही. तुझ्या आईने एक घास घेतला नि ताट सरकवलं.

"आई, तेल खवटलं ना जी."

"तुलेच पाहून राहिली होती, वळखते का नाही," मी म्हटलं. ती हसली. मी बाटली घेऊन न्हाणीमागे गेले, नाकाला लावली. पाणी हुंगावं तसं. बोटाने जिभेवर टेकवलं तेव्हा घशात कडू लागलं. तिथेच उभी राहिले.

सुशिलाबाईचा पेन थांबला आहे. लिही बाई.

हिंग अजून येतो रे, तो बारीक वास गेला. शेव ताजीच होती, पण खवट असती तरी मला कळलं नसतं.

गावात लग्नाचं तळण चढण्याआधी तेलाच्या डब्याला माझं नाक लागतं. मी "चढवा" म्हटल्याशिवाय कढई चुलीवर जात नाही. आता घरचंच लग्न, तेल घाण्याचं. करंज्या खवट निघाल्या तर वऱ्हाडी तोंड वाकडं करतील आणि दुर्गेश्वरीला सासरी जन्मभर ऐकावं लागेल. आणि मला वास येत नाही असं सांगितलं, तर उद्यापासून मला कोणी काही विचारणार नाही. खाटेवर ताट येईल, तेवढंच.

तू लग्नाच्या सकाळी उगवणार होतास. तसं नको. तळणाच्या दिवशी ये. डब्याजवळ माझ्या डाव्या हाताला उभा राहा. नाक मी लावीन, वास तू घे. खवट असेल तर खोक. बाकी तोरा माझा.

सही येत नाही, म्हणून खाली अंगठा देते. शाई नाही, तेच जवसाचं तेल आहे. कागद नाकाशी धर. मला जे येत नाही ते तुला येतं का, तेवढं येऊन माझ्या कानात सांग.

तुझी,
अजून तरी नाकवाली,
जमुनाआजी