दोरीवरचे कपडे

४ मार्च

जमलं! चार महिने डोकं खाल्लं त्या युद्धकवितेने. बुरुजावरचा पहारेकरी नदीपलीकडचं एक घर नऊ दिवस बघतो. चूल कधी पेटते, पोराला रट्टा कधी बसतो — त्याला सगळं पाठ होतं. दहाव्या दिवशी ते घर उडवायचा हुकूम येतो. संपली कविता. पण फिल्मसाठी बुरूज आणू कुठून? आज भांडी घासता घासता सुचलं. बुरूज नकोच. एसी खोली, खुर्ची, स्क्रीन. आजच्या काळातला माणूस. हजार मैलांवरचं घर वरून बघतो आणि सहा वाजता रिकामा डबा घेऊन घरी जातो. अकरा मिनिटांत बसेल.

लगेच लंबूटांगला फोन. कॅमेरा त्याचाच असतो. म्हणाला, "अगं, खुर्ची तुझी, स्क्रीन माझा, उद्याच काढू." याला सगळं उद्याच काढायचं असतं.

७ मार्च

सकाळी आईने नेहमीप्रमाणे धाकट्याला विचारलं, "कपडे गच्चीवर घालू का रे?" तो नेहमीप्रमाणे, "नको, पाऊस येईल." बाहेर ऊन रणरणतंय. माझा भाऊ हवामानाच्या कचेरीत उपग्रहावरून ढग बघतो, आणि तीन वर्षांत त्याचा एक अंदाज खरा ठरलेला नाही. "याला तिथे ठेवलंय तरी कशाला!" असं म्हणत आई बादली उचलून गच्चीवर जाते. संध्याकाळी तो आला की बूटही न काढता वर जातो आणि सगळे कपडे उतरवून आणतो. ओले असले तरी.

९ मार्च

स्क्रिप्ट जेवणाच्या टेबलावर विसरले होते. परत येऊन बघते तर लाल पेनच्या खुणा. धाकट्याचं अक्षर. सहा वर्षांनी लहान, पण शाळेत असल्यापासून माझे निबंध तपासायची खोड. आधी हसूच आलं. मग वाचलं.

'नऊ दिवस' खोडून 'एकवीस'. 'तो ओरडतो' — 'तिथे कुणी ओरडत नाही. गारठा असतो, पायात दोन-दोन मोजे घालतात.' आणि चुलीच्या धुराजवळ, समासात बारीक अक्षरात: 'धूर नाही. कपडे मोजतात. दोरीवरच्या कपड्यांवरून घरात माणसं किती ते कळतं. लहान किती, तेही.'

ढग बघतो म्हणे. आम्ही मायलेकींनी तीन वर्षं त्याच्यावर विनोद केले.

१० मार्च

मी विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही. आईने कपड्यांचं विचारलं तेव्हा मी त्याच्याकडे बघत होते आणि तो ताटाकडे.

१४ मार्च

शूटिंग. खोली दातांच्या एका बंद पडलेल्या दवाखान्यात लावली, घर म्हणून लंबूटांगच्या इमारतीची गच्ची. कॅमेरा पाण्याच्या टाकीवरून खाली बघणार. धाकटा रजा टाकून आला! मी नको म्हटलं होतं.

कपडे मी कसेही लटकवले होते. त्याने सगळे काढले आणि परत घातले. चार मोठे, तीन लहान. पिवळा फ्रॉक अगदी टोकाला. "तो टोकालाच असायचा," म्हणाला. चिमटे लावता लावता, माझ्याकडे न बघता, "ताई, बाविसाव्या दिवशी दोरीसुद्धा नव्हती."

मी 'कॅमेरा' म्हणायचंच विसरले. लंबूटांगने आपणहून चालू केला.

१५ मार्च

उत्साही लंबूटांगने काल शूटिंगचा फोटो टाकला — धाकटा दोरीवर फ्रॉक घालतोय! फोन करून चांगलाच झापला. फोटो काढून टाकला त्याने. पण दोनशे जणांचा बघून झाला होता.

१९ मार्च

भीती वाटते. सरळ लिहिते, भीती वाटते. बेल वाजली की आधी खिडकीतून बघते. त्याच्या कचेरीतल्या कुणीही ही फिल्म बघितली तर एका फटक्यात ओळखेल, आतल्या माणसाने सांगितलंय. सरळ तुरुंग. दोरीचा शॉट कापून टाकला. फिल्म पांगळी झाली. होऊ दे, भाऊ वाचला पाहिजे.

२१ मार्च

धाकट्याला फिल्म दाखवली.

"दोरी कुठे गेली?"

"कापली. तुझ्यासाठी."

नखं कुरतडू लागला. मग म्हणाला, "माझ्यासाठी करायचंच असेल तर तेवढी ठेव. बाकी काहीही काप."

"वेडा आहेस का? आत टाकतील तुला."

"ती दोरी मला रोज दिसते, ताई. मी एकट्यानेच का म्हणून बघायची?"

शॉट परत लावला. महोत्सवाला पाठवून दिली. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले, आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

२४ मार्च

उद्या अकराला त्याला वरच्या मजल्यावर बोलावलंय. कुणी, कशाला, सांगत नाही. "नेहमीचंच आहे गं." खोटं बोलताना हा कान खाजवतो. खाजवला.

२५ मार्च

आठला निघाला. आईला वाकून नमस्कार केला, तो कधी करत नाही. खांद्यावरची पिशवी डब्यापेक्षा बरीच मोठी वाटली.

साडेबाराला बेल. हसतमुख माणूस, इस्त्रीचा शर्ट. "त्यांच्या ऑफिसातून आलोय. आज आले नाहीत ते." पाणी नको म्हणाला. उंबऱ्यावरून मागे सरकून त्याने वर गच्चीकडे बघितलं आणि ओठ हलले. मोजत होता.

"तिघं राहता ना तुम्ही? दोरीवर तुम्हा दोघींचेच दिसताहेत."

मीही वर बघितलं. खरंच, धाकट्याचा एक रुमालसुद्धा नव्हता. तरी म्हटलं, "त्याचे आत घातलेत. पाऊस येईल म्हणाला."

त्याने आभाळाकडे बघितलं. एक ढग नव्हता.

माझ्या मागून आई पदराला हात पुसत पुढे आली. "येणारच आहे पाऊस," ती म्हणाली. "माझ्या मुलाचा अंदाज कधी चुकत नाही."