न दिसलेलं ग्रहण

महाल, नागपूर
९ सप्टेंबर १९७४

चि. शालिकरामास चंपतमामाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व कुशल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. गेल्या आठवड्यात तुझी गोपिका उमरेडहून एस.टी.नं नीट पोचली. पाचवा महिना मानवला आहे. सोबत तुझी आई, आमची यमुताई, असल्यामुळे मला बोलायला फारसं शिल्लक राहत नाही.

यमुताईचं तेच पालुपद. "मागच्या खेपेले हिनं ग्रहणात भेंडी चिरली, म्हणून लेकराच्या हातापायाले फोड आले अन् गेलं. तूच सांग गा हिले."

मी पंचांग काढलं. "ताई, ते ग्रहण आपल्याकडे दिसणारच नव्हतं. न दिसणारं ग्रहण पाळायचं नसतं. शास्त्र तुझ्या बाजूनं नाही."

"तू मास्तर आहेस, बाईमाणूस नाही," म्हणून तिनं मला निकालात काढलं. गोपिका ताटावरून उठून गेली.

दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्या बाळाचं सगळं विचारलं, हिचं रक्त तपासायला घेतलं. आज कळलं, रक्तात रोग आहे. बाळाला तो पोटातच लागतो. पेनिसिलिन आजच सुरू केलं. हे बाळ वाचेल अशी बाईंना आशा आहे. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "मास्तर, हिच्या मिस्टरांना पाठवा. त्यांना औषध झालं नाही, तर हिला पुन्हा लागेल."

शालिक, लग्नाआधी तू लुगडी विकायला रायपूरला राहायचास. तिथल्या कुठल्याशा जखमेवर वैदूचं मलम लावलं, आठ दिवसांत साफ, असं मला हसत सांगितलं होतंस. जागा सांगितली नव्हतीस. संस्कृतात अशा गोष्टींना सभ्य शब्द आहेत, पण आज ते कामाचे नाहीत. जखम मिटली, रोग राहिला. तुझ्याकडून तिला, तिच्याकडून बाळाला.

दवाखान्याच्या पायरीवर तिनं विचारलं, "मामाजी, माह्यापासूनच गेलं काय जी माह्यं लेकरू?" मी छत्री शोधू लागलो. छत्री हातातच होती.

सुया टोचल्या तर पोट राहत नाही, हे ताईचं नवं शास्त्र. सुनेला उमरेडला परत नेते म्हणते. शुक्रवारपर्यंत कसंबसं थांबवलं आहे. पहिल्या गाडीनं ये. आधी दवाखान्यात जा, मग आईसमोर गोपिकेला खरं सांग. आला नाहीस तर मी सांगेन; दोघींना, साध्या मराठीत.

शुक्रवारपर्यंतच गप्प असलेला,
तुझा मामा