पहिलं प्रकरण फुकट

३ मार्च
माझ्या रहस्यकादंबरीच्या दोनशे प्रती लेकीच्या खोलीत अजून तशाच. लेक तीस तारखेला कायमची घरी परततेय. हिने बजावलंय, तोवर खोली रिकामी झाली नाही तर सगळं रद्दीत. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण माझी एक ओळ वाचली नाही बाईने. दातांचा डॉक्टर कादंबरी लिहितो, ही काय साधी गोष्ट आहे?

५ मार्च, सकाळी
सुचलं! पहिलं प्रकरण फुकट वाटायचं. जरा चाखायला दिलं की गिऱ्हाईक पाव किलो घेतंच. वेटिंग रूममध्ये ठेवायचं. दाढ धरून बसलेल्याला दुसरा उद्योग काय? संकल्प: रोज दहा नवे वाचक.

६ मार्च
वेगळं छापायचं कशाला? प्रती घरात आहेतच. वीस प्रतींतलं पहिलं प्रकरण स्काल्पेलने अलगद सोडवलं. दात काढण्यापेक्षा सोपं, रक्त नाही. ही म्हणाली, मग उरलेलं पुस्तक घेणार कोण? मी समजावलं, पहिलं प्रकरण ज्याने वाचलंय त्याला ते परत कशाला हवं? कपाळावर हात मारून आत गेली. पटलं असणार.

१० मार्च
वीसही संपली! पेशंटच्या तोंडात नळी असतानाच मत विचारतो, म्हणजे इकडचं तिकडचं बोलून वेळ जात नाही. विचारलं त्या नऊ जणांपैकी एकानेही नाव ठेवलं नाही. एकाच्या तर डोळ्यांत पाणी. (भूल पुरती चढली नव्हती. तरीपण.)
विक्री शून्य. लोक विचार करताहेत.

१४ मार्च
उरलेल्या एकशेऐंशी प्रतीही कापल्या. मनगट आखडलं. दोन रूट कॅनाल पुढे ढकलली. साहित्यासाठी एवढी झीज सोसायलाच हवी. (पेशंटनी सोसली, पण मुद्दा तोच.)

१९ मार्च
विक्री शून्य. अक्कलदाढवाले काका समोरच्या डॉक्टरकडे गेले. जाऊ देत, अरसिक माणूस. काउंटरवर ही बसते, ती सांगत होती की लोक फोन करून आधी विचारतात, डॉक्टर आज पुस्तकाबद्दल बोलणार आहेत का? बघा! उत्सुकता वाढतेय.

२५ मार्च, दुपारी
सोन्याचा दिवस! दाढ भरायला ग्रंथपाल बाई आल्या. शहरातल्या सगळ्या वाचनालयांसाठी दीडशे प्रती घ्यायची त्यांची तयारी आहे. अट एकच, समितीला दाखवायला अख्खी प्रत परवापर्यंत हवी. त्यात काय, म्हटलं.

२५ मार्च, दुपारीच, पण नंतर
अख्खी प्रत नाही. एकसुद्धा नाही.
दोनशेच्या दोनशे प्रकरणं वाटून झालीत, तीच शोधत फिरलो. एक डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली. काहींवर मुलांनी हत्ती काढलेत. बाकीची गेली कुठे, देव जाणे. धड असं एकच मिळालं, ते औषधांच्या कपाटात अंथरलेलं. अंथरणाऱ्या बाईसाहेब घरातल्याच, त्यामुळे गप्प बसलो.

२६ मार्च
ही ते डिंकाने चिकटवायला बसली आणि चिकटवता चिकटवता चक्क वाचायला लागली! आठव्या पानावर मान वर करून तिने विचारलं, अहो, खुनी तो दातांचा डॉक्टरच ना?
मी गारच पडलो. ते तर शेवटच्या पानावर आहे! कुणी फोडलं, विचारलं. म्हणाली, फोडायला कशाला हवं, त्या पुस्तकात बाकी सगळ्यांच्या तोंडात नळी, दुसरं कोणी बोलूच शकत नाही. आणि वेटिंग रूममध्ये तर पहिल्या दिवसापासून सगळे हेच म्हणताहेत.
मग मला तोंडावर कुणी सांगितलं का नाही?
तर म्हणे, हातात ड्रिल कुणाच्या होतं?

३० मार्च
लेक आली. खोली रिकामी आहे. ग्रंथपाल बाईंना जमणार नाही म्हणून कळवलं, बाकीच्या प्रती कुठून जोडणार? एकशे नव्याण्णव रद्दीवाल्याने नेल्या. वाईट वाटलं, रोजनिशीत खोटं कशाला लिहू?
डिंकाने जोडलेली तेवढी राहिली. ही तीच वाचत बसली आहे. खून केला कुणी ते कळलं, का केला ते कळायला हवं म्हणते. मी दोनदा जाऊन विचारलं, कुठवर आलं?
दुसऱ्यांदा म्हणाली, तुम्ही क्लिनिकमध्ये जाऊन बसा बघू.