मांड उठवला नाही

तुंपत, शुक्रवार सकाळ

मोकसू, सलाम.

मला झोप नाही. आई मधेच उठून नाचायला लागते नि भिंतीवर आपटते, म्हणून तिचा पाय ओढणीने माझ्या पायाला बांधून पडते. मधे बाळ.

तू मावशी, आधी तुझी खुशाली विचारायला पाहिजे. गुडघे कसे आहेत? इकडे पुराचं पाणी ओसरलं. मेलूरला दात आलेत, सारखी चावते.

आई जेवत नाही. माशाचं बुडू घालून भात कालवला तरी तोंड फिरवते. बुडूला ती कधी नाही म्हणाली?

त्या दिवशी तू शहरातली पोरं घेऊन आलीस, आईला ते काळं घट्ट कापड घातलं, वर चमकणारे मणी चिकटवले. आई म्हणाली, "मला फणस केलंत की गं!" किती हसलो. तू म्हणालीस, "अगं तिमाह, तुझा नाच कॉम्प्युटरात राहील. आपण मेलो तरी माक योंग मरायचा नाही."

आईने एवढंच विचारलं, "रबाबावर सुप्यान येतोय ना?"

"फोन केला होता. नाही म्हणाला तुझा लेक. लाज वाटते त्याला आपली."

आई उभी राहिली. मोबाइलमधल्या रबाबावर नाचली. नाचातला राजा झाली, अंगात वारं आलं. तेवढ्यात पोरं म्हणाली, झालं, पुरे. अंगातलं वारं उतरवायला शेवटी मांड उठवतात, तो उठवलाच नाही. रबाबवाल्याशिवाय उठवणार कोण? वारं अंगातच राहिलं.

काल त्यातला एक पोरगा कॉम्प्युटरातला नाच दाखवायला आला. आई दिसत नाही त्यात, नुसते ठिपके, पण चालतात आईसारखे. आवाजही होता, नाचाच्या आधीचा. तुझा, मोकसू.

"रबाबवाला नको. तो मांड उठेपर्यंत तुम्हाला हलू द्यायचा नाही, तुमची गाडी चुकेल. तो नाही म्हणाला असं सांगते मी तिला."

पोरगा घाबरला. "हे पुसू का?"

मी म्हटलं, ठेव. सगळं जपणार होतात ना?

त्या पोरांना काय माहीत. तू तर इतकी वर्षं आईच्या जोडीने नाचलीस, तुला माहीत होतं.

तुझं ऐकून मी सुप्यान अबांगला नको ते बोलले. आई मेली तरी येऊ नकोस म्हटलं. आता शेजारणीच्या फोनवरून केला तरी माझा आवाज ऐकून ठेवून देतो.

आज आईने मेलूरला उचललं नि राजाच्या आवाजात विचारलं, "ही कोणाची दासी?" बाळ हिसकावून घेतलं मी.

व्हॅनवाल्या पाक लेहकडे हे देतेय. वाच नाहीतर फाड.

तुझी म्हणवत नाही,
नोरिनी

मोकसूच्या घरात हे जो कोणी उघडेल, सून, नातू, कोणीही. माझ्या भावाला फोन करा. सुप्यानचा नंबर तिच्याकडे आहे. म्हणा, नोरिनी चुकली. म्हणा, आईने तुझंच नाव घेतलं होतं, रबाब घेऊन ये. पाया पडते, त्याला फोन करा.