दोन्ही पासपोर्ट चालतात

प्लेनो, टेक्सास
१२ ऑक्टोबर १९८६

चि. लहूस,
ताईचा जय भीम आणि आशीर्वाद.

इकडे संध्या आणि मी ठीक. संध्याचं कॉलेज सुरू झालं. मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीतच देते, पण आता स्वयंपाकाला हात लावते. आईला गिळता येतं का? पेज पातळ कर, देताना मान उचलून धर. कुशीवर वळवत जा, नाहीतर पाठ सोलते. रेखा सगळं करतच असेल, तरी लिहिते.

परवा तुमच्या शेजारच्या डॉक्टरांकडे फोन लावला, तर तू आला नाहीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लहू म्हणतो, मडमेला सांगा, आधी ये, मग बोल." लागलं रे. म्हणून हे पत्र. इथले प्रल्हाद मेश्राम उद्या नागपूरला निघालेत, त्यांच्या हाती देते.

मी का येत नाही ते सरळच लिहिते. आज माझ्या हातात चालेल असा एकही पासपोर्ट नाही.

गेल्या वर्षी मी इथलं नागरिकत्व घेतलं. तुम्हाला कळवलं नाही. आधी लायब्ररीत बसून, डिक्शनरी उघडी ठेवून, त्यांचा कायदा वाचला. शपथ घेतली तेव्हा माझा भारताचा पासपोर्ट कोणी मागितलासुद्धा नाही. मी समजले, दोन्ही चालतात. इथल्या बायका म्हणायच्या, "रत्नाताई, ड्रॉवरमध्ये ठेवा आणि गप्प बसा. सगळे तेच करतात." मी म्हटलं, लपवायचं कशाला, मी वाचलंय! आणि मुदत संपत आली तसा तो नवा करायला इथल्या भारताच्या वकिलातीकडे पाठवला, सोबत खरं ते सगळं लिहून. रद्दचा शिक्का बसून परत आला. आपल्याकडे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की आपलं त्याच क्षणी जातं. मी अमेरिकेचा कायदा वाचला, आपला वाचलाच नाही. वाटलं, तो तर आपलाच आहे.

मग आईच्या दुखण्याची तुझी तार आली. इथला पासपोर्ट घाईने काढला आणि व्हिसासाठी त्याच वकिलातीला पाठवला. तो तिथेच अडकलाय. शपथेनंतरही जुना पासपोर्ट जवळ का ठेवला, याची दिल्लीला विचारणा गेलीय. तिथे जाऊन दारात बसते म्हटलं, तर म्हणे उपयोग नाही. काल फोनवर म्हटलं, "साहेब, नागपूरची आहे मी. आई आहे हो माझी." तो मराठीच निघाला. म्हणाला, "मावशी, कळतंय मला. पण आता तुम्ही फॉरेनर. दिल्लीचं उत्तर आल्याशिवाय माझ्या हातात काही नाही." मावशीही म्हणाला आणि फॉरेनरही. फोन ठेवला.

संध्या ऐकत होती. म्हणाली, "आई, जस्ट टेल मामा व्हाय यू डिड इट."

सांगणार नव्हते. पण तू मडम म्हणालास. हे गेल्यापासून तू दर पत्रात लिहायचास, ताई, आम्हाला बोलाव. ग्रीन कार्डावर भावाला बोलावता येत नाही, नागरिकालाच येतं. शपथ झाल्याबरोबर मी तुझा अर्ज केला, रेखाचं आणि पोरांचं नाव घालून. रांग वर्षानुवर्षांची आहे, म्हणून तुला आशा लावली नाही. तुला दोष देत नाही. कधी कधी देते, मग स्वतःचीच लाज वाटते.

ह्यांचं दुःख मी वाचून वाचून सोसलं. हे कशाने सोसू, लहू? पुस्तक हातात धरते, अक्षर लागत नाही.

व्हिसा आला की त्याच दिवशी निघेन. तोवर आई राहिली नाही, तर माझ्यासाठी थांबू नका. पण ती शुद्धीवर असेल तर तिच्या कानाशी जाऊन सांग, रत्ना निघाली, विमानात बसली. मी तिच्याशी कधी खोटं बोलले नाही. एवढं तू बोल, माझ्या वाटचं.

बॅग भरून बसलेली,
तुझी ताई
रत्ना