वर्षभराचा परवाना

अप्पा, काल आईच्या लातूरच्या प्लॉटवर जोतं पूर्ण झालं. परवाना मिळाल्यापासून नवव्या महिन्यात. बांधकाम परवाना एक वर्ष चालतो. तेवढ्यात काम जोत्यापर्यंत आलं नाही, मुदतवाढही मागितली नाही, तर तो कागद बाद होतो. हे मला तुमच्यामुळं कळलं.

मामांनी तो प्लॉट आईच्या नावावर करून दिला, तेव्हा आपण मुखेडला काकांच्या घरात मागच्या दोन खोल्यांत राहत होतो. स्वयंपाकघर एकच. काकूचं उरकेपर्यंत आई भिजवलेल्या पिठाची परात मांडीवर घेऊन दारात बसून राहायची. परवाना आला त्या दिवशी तिनं कागदाला हळदकुंकू लावलं आणि तुमच्या हातात दिला. मग दर महिन्याला विचारायची, "अहो, पाया कधी खोदायचा?" तुम्ही म्हणायचात, "इंजिनियरशी बोलायलोय ना मी. घाई कशाची हाय?"

दिवाळी झाली, संक्रांत झाली. एका दुपारी मी आपल्या कापडाच्या दुकानात तुमचा डबा घेऊन येते. कात्री शोधायला टेबलाचा खण उघडते, तर जुन्या कॅलेंडरांखाली तो कागद. कुंकू तसंच. तुम्ही माझा हात धरता. "ठेव खाली. बायकोच्या घरात राहू का मी? गाव हसंल. दोन महिने जाऊ दे, आपोआप मरतंय ते."

मेलं. "आता सगळं पहिल्यापासून करावं लागतंय," असं तुम्ही आईला सांगितलंत, आणि तिनं विचारणं सोडलं. ती त्याच दोन खोल्यांत वारली. तुम्ही पुढं पुष्कळ वर्षं जगलात. मी तुम्हाला वेळेवर जेवू घातलं, पण मनातून एक दिवसही माफ केलं नाही.

आता नवा परवाना मी माझ्या नावावर काढलाय. दारावर पाटी आईच्या नावाची लागणार. काका परवा म्हणाले, "अप्पाचं बी नाव टाक, पोरी. बाप हाय तुझा." मी म्हटलं, "न्हाई." तुमच्या फोटोसाठी या घरात एक खिळासुद्धा ठोकणार नाही. आणि दुकानातलं ते टेबल मी फोडून मजुरांना चुलीसाठी दिलं. त्यावर भाजलेली एक भाकरी त्यांच्यात बसून खाल्ली. लई गोड लागली, अप्पा.

इथंच थांबणार होते. पण हे कुणाला धाडायचं नाही, म्हणून लिहिते. त्या दुपारी तुम्ही मला फुलाफुलांचं कापड फाडून दिलंत आणि म्हणालात, "आईला सांगू नको." मुदतीचे दोन महिने शिल्लक होते. मी सांगितलं नाही. त्या कापडाचा ड्रेस आईनंच शिवला, आणि मी तो विटेपर्यंत घातला.