सातवी चिठ्ठी

३० नोव्हेंबर, रविवार
घडीमंडळ आलं, बसलं, परातभर पोहे आणि पातेलंभर तर्री संपवून गेलं. सहा माणसं, त्यातले एक आमचे हे. वर्षातली सगळ्यात देखणी महागडी मनगटी घडी (पुस्तकी भाषेत घड्याळ) कोणती, यावर दर डिसेंबरात आमच्या बैठकीत मतदान. सहांपैकी एकानेही असली घडी कधी हातात धरलेली नाही. मोबाइलवर पाहायच्या, फोटो छापून आणायचे, आणि जी जिंकेल तिची चौकट माझ्या भिंतीवर टांगायची. चार वर्षांच्या चार झाल्या. पुसते कोण? मी.

मागच्या वर्षी निंबार्तेभाऊंनी (इथल्या राइस मिलचे) किंमत वाचून मत दिलं, असा साठवणे सरांचा आरोप. सर रिटायर मास्तर, सोडतात थोडेच. दोघं संक्रांतीपर्यंत बोलले नाहीत. म्हणून यंदा ह्यांचा नवा नियम. प्रत्येक फोटोवरचं नाव आणि किंमत काळ्या मार्करने खोडायची. "नाव नाही, भाव नाही. घडी पाहा आन् मत द्या." चिखल्याच्या मँगनीज खाणीत सारी नोकरी टाइम ऑफिसात, हजेऱ्या मांडत काढली. नियम केल्याशिवाय ह्यांना अन्न पचत नाही.

मी म्हटलं, यंदा माझंही मत घ्या.
सर हसले. "वहिनी, तुमाले कायले हा ताप? तुमचे पोहे हेच तुमचं मत."
म्हणजे काय, ते सरांनाही माहीत नसावं. हे गप्प बसले. ते जास्त लागलं.

३ डिसेंबर, बुधवार
राग अजून गेला नाही. म्हणून लिहून ठेवते.

माझ्या बाबांचं पवनीच्या बाजारात घड्या दुरुस्तीचं दुकान होतं. शाळेतून आले की बाबांशेजारी बसायची. डोळ्याला भिंग लावून पूर्ण घडी खोलून परत बसवायची, एकही स्क्रू उरत नसे. आणि ह्या सहा जणांपैकी कुणाला घडीचं मागचं झाकण काढता येत नाही.

ह्यांना रिटायरमेंटला मिळालेली घडी आठवड्याला चार मिनिटं मागे पडते. दर रविवारी हे आंघोळीला गेले की मी ती बरोबर लावते. मग मंडळ आलं की हे मनगट पुढे करतात. "पाहा, आजपर्यंत एक मिनिट चुकली नाही." मी पोह्यांत लिंबू पिळते.

७ डिसेंबर, रविवार
मतदान झालं. म्हणजे झालंच नाही.

सहा जणांनी सहा फोटो आणले. कपडे वाळवायच्या दोरीवर माझेच चिमटे लावून एक ते सहा नंबरांनी ओळीने टांगले, नावं-किमती काळ्या केलेल्या. चिठ्ठ्या टाकायला माझा डाळीचा डबा. तूरडाळ ताटात ओतून ठेवली, आता त्यात सरांच्या खिशातला खडू पडलाय.

निकाल: दोन नंबरला तीन, पाच नंबरला तीन, बाकीच्यांना शून्य. दोन नंबर म्हणजे निंबार्तेभाऊंनी आणलेली, निळी, चामड्याच्या पट्ट्याची. पाच नंबर साठवणे सरांची, करडी, पोलादी पट्ट्याची.

"चामडं घामानं सडते, भाऊ."
"आन् पोलाद? थंडीत हाताले चटका देते."
"निळा रंग पोराटोराचा."
"करडा रंग धुळीचा. तुमच्या खडूवानी."

ही घडी ह्यांच्यापैकी कुणाच्या मनगटावर कधी येणार आहे, की घामाची काळजी? हे चामड्याच्या बाजूचे. आवाज हायवेपर्यंत गेला असेल. चहा कुणी घेतला नाही. सहाही कप परत आले. संध्याकाळी डोकं दुखलं.

१० डिसेंबर, बुधवार
फोनवर फेरमतदान. परत तीन-तीन. डो. दु.

कोंढ्याचे भुरेभाऊ, मंडळातले तेवढे एक शेतकरी, यांनी तोड काढली. दोन चौकटी लावू. तर हे भडकले, "एका वर्षाच्या दोन घड्या? मंग मतदान कायले घेतलं?" भुरेभाऊंनी फोन ठेवला.

सकाळी हे एकटेच फिरायला गेले. सरांबरोबर जातात रोज, इतकी वर्षं. आज सर रस्त्याच्या पलीकडून चालले. दोघं एकाच वेगाने, मधे ट्रक. शेजारणीने पाहिलं आणि मला सांगितलं. हसून सांगितलं तिने. मला हसू आलं नाही.

१४ डिसेंबर, रविवार
मंडळ नाही. सवयीने पोहे जास्त भिजवले गेले. दोघांनी दोन वेळा तेच खाल्ले. ह्यांनी घडी कुणाला दाखवायची म्हणून उगाच खिडकीत उभे राहून दोनदा पाहिली. म्हातारे दिसले एकदम. चिडून चिडून मलाच कंटाळा आला, आता वाईट वाटायला लागलं.

संध्याकाळी दारात घुटमळले.
"आयकतेस का. सातवं मत लागते. तुह्या नावाले सगळे राजी हायेत. सर पन."
आतून काय झालं ते लिहिता येत नाही. वरून म्हटलं, "बरं. फोटो द्या. पुढच्या रविवारपर्यंत पाहीन."
"पाहाचं काय एवढं त्याच्यात?"
"मी पवनीची आहे," म्हटलं.

१६ डिसेंबर, मंगळवार
बाबांचं भिंग काढलं. गोळ्यांच्या जुन्या डबीत कापसात ठेवलेलं. डोळ्याला अजून बसतं.

आधी चार नंबर पाहिली. भुरेभाऊंनी आणलेली, साधी, पांढरी, रोज चावी द्यायची. माझं खरं मत तिला. तिला शून्य मतं, खुद्द भुरेभाऊंचंसुद्धा नाही.

मग दोन आणि पाच. दोघींची तारखेची खिडकी चार आणि पाचाच्या मधे, तिरपी. म्हटलं, असेल. दोघींच्या सेकंदकाट्याची शेपटी गोल, आत भोक. चावीवर खाचा तशाच. मोजल्या. निंबार्तेभाऊंनी फोटो भंडाऱ्याला चकचकीत कागदावर छापलेला, सरांनी बसस्टँडजवळ शाई संपत आलेल्या मशीनवर. दोन्ही फोटो उलटे करून खिडकीच्या काचेला लावले. मागून उन्हात मार्करखालची अक्षरं दिसतात. उलटी, पण दिसतात. नाव तेच. खालचा मॉडेल नंबरही तोच.

एकच घडी आहे! पट्टा तेवढा बदललेला. शाई संपली म्हणून निळ्याची करडी झाली.

दहा दिवस सहा शहाणे एकाच घडीवरून भांडतायत. नाव खोडायचा नियम केला कुणी? टाइम ऑफिसने! पोट धरून हसले. शेजारीण येऊन विचारून गेली, काय झालं.

मग पीठ मळता मळता हात थांबले. हे सांगितलं तर तीन आणि तीन सहा. सगळे एकमताने. सातव्या चिठ्ठीचं काम काय?

१८ डिसेंबर, गुरुवार
नाही सांगितलं. कालही नाही.

भाजीला गेले तर सर भेटले. "वहिनी, पोलाद ध्यानात ठेवजा. तुमाले तं समजते यातलं." चार वर्षांत सरांना पहिल्यांदा कळलं की मला यातलं समजतं. वांगी निवडेपर्यंत पिशवी धरून उभे होते.

घरी येते तर मिलवरून नव्या तांदळाची पिशवी आलेली. निंबार्तेभाऊंचा फोन, "मतासाठी नाही वो वहिनी. आपला नवा तांदूळ हाये, भात मऊ होते." परत पाठवला. पण खोटं कशाला लिहू, छान वाटलं. आणि छान वाटलं याची लाज वाटली.

जेवताना हे म्हणाले, "तुह्ये बाबा कोनती म्हनले असते?"
लग्नाला इतकी वर्षं झाली. बाबांबद्दल, बाबांच्या कामाबद्दल ह्यांनी आजवर एक प्रश्न विचारलेला नाही. मी म्हटलं, "बाबा आधी झाकण उघडून पाहायचे. मग बोलायचे."
"बरोबर हाये," म्हणाले. घास हातातच धरून बसले होते.

हा माणूस आधी कुठे होता?

१९ डिसेंबर, शुक्रवार
सकाळी खिडकीतून पाहिलं. हे अलीकडे, सर पलीकडे. सरांच्या पायात काहीतरी अडलं, चप्पल सुटली. हे थांबले. हाक मारणार असं वाटलं. मारली नाही. सर चप्पल घालून होईपर्यंत मात्र उभे राहिले, दुसरीकडे पाहत.

तोंडावर आलेलं गिळलं. सांगून टाकावं, एका वाक्याचं काम आहे. आणि मग? "वा वहिनी!" म्हणतील, घटकाभर हसतील. मग म्हणतील, पोहे आणा.

२० डिसेंबर, शनिवार
उद्या दहाला सगळे येणार. समोरासमोर बसायचं कबूल केलंय, माझ्यासाठी म्हणून.

ह्यांनी मंडळाची वही काढली. पट्टी लावून सातवी ओळ आखली. माझं नाव लिहिलं, पूर्ण, टाइम ऑफिसच्या वळणदार अक्षरात. शाईने. मला वाटलं होतं पेन्सिलीने लिहितील. मग स्वयंपाकघरातली खुर्ची, जिच्यावर मी पापडाची ताटं ठेवते, ती पुसून बैठकीत नेली. सहांच्या ओळीत सातवी. म्हणाले, "उद्या पोहे हाटेलातून आणतो. मत देनारीनं पोहे कायले कराचे?"

एवढं बोलून बाजारात गेले. मी हॉटेलच्या पोह्यांना नाही म्हटलं नाही.

दोन नंबर आणि पाच नंबर टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेत. चिठ्ठी कोरी. मत दिलं तर मी सातवी, आणि सर किंवा भाऊ, कुणीतरी एक हरलेला, रस्त्याच्या पलीकडून चालणारा. खरं सांगितलं तर कुणीच हरत नाही, आणि ही खुर्ची परत पापडांकडे.

हे लिहितेय ते त्याच खुर्चीत बसून. फाटक वाजलं, हे आले वाटतं. अजून उठले नाही.